न वाजणाऱ्या फायली

आमच्या कंपनीत सोयाबीनची खरेदी फोनवर होते आणि खरेदीचा प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. आडत्याने भाव सांगायचा, आमच्या माणसाने घासाघीस करायची आणि शेवटी "पक्कं" म्हणायचं. पक्कं म्हटलं की सौदा झाला, कागद मागाहून येतो. पूर्वी रेकॉर्डिंग नव्हतं, नुसत्या जबानीवर माल हलायचा. मग एका हंगामात भाव एकाच दिवशी कोसळले आणि "मी पक्कं म्हटलंच नव्हतं" असं सांगणारे दोन्ही बाजूंना निघाले. त्यानंतर यंत्र बसलं.

ती रेकॉर्डिंगं सांभाळणं हे माझं काम. माझा हुद्दा बराच लांबलचक आहे, पण शेजारणीने विचारलं तर माझी बायको सांगते, "जुने फोन राखतात." मी लातूरच्या कार्यालयात बसतो; मराठवाड्यातल्या आमच्या सगळ्या कार्यालयांचे फोन इथेच जमा होतात. बिलं, करार, गोदामांचे अहवाल, ईमेल आणि फोन, यातलं काय किती वर्षं ठेवायचं याचा तक्ता मुंबईच्या मुख्य कार्यालयाने ठरवून दिला आहे. फोनची मुदत आठ वर्षं. मुदत संपली की पुसायचं आणि पुसल्याचं प्रमाणपत्र जपायचं. त्या प्रमाणपत्राला मात्र मुदत नाही.

लातूरला येण्याआधी मी तीन वर्षं नांदेडच्या कार्यालयात होतो. तिथे माझ्या समोरच्या टेबलावर जो बसायचा, त्याच्याबद्दल हे लिहितो आहे. तो खरेदीच्या फोनवर असायचा. हंगामात दिवसभर त्याच्या कानाला रिसीव्हर. आडत्या मराठवाड्याचा असो नाहीतर सीमेपलीकडचा, समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत हा उत्तर द्यायचा. उर्दू तर त्याला जेवताना बोलल्यासारखी यायची. देगलूरच्या लोकांशी चार शब्द तेलुगू, उदगीरच्या लोकांशी चार शब्द कानडी. एकदा मी विचारलं, "तुला कानडी येते?" तर म्हणाला, "येती की. भाव पाडण्यापुरती येती."

आमचे डबे एकत्र उघडायचे. त्याच्या लग्नाला मी होतो, माझ्या मुलाच्या बारशाला तो होता. मी लातूरला बदलून आलो तरी रोज एखादा फोन व्हायचा. पुढे एका दिवाळीनंतर सकाळी आंघोळ करून तो बाहेर आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेला. मुलगी तेव्हा साडेतीन-चार वर्षांची होती.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. वहिनींनी नांदेडजवळ विष्णुपुरीला मुलांच्या एका वसतिगृहाच्या कार्यालयात नोकरी धरली आणि मुलीला वाढवलं. मी नांदेडला गेलो की भेटून यायचो. पण जाणं कमी होत गेलं, हे खरं.

मागच्या वर्षी मुलगी दहावी झाली. चांगले मार्क पडले. आमच्याकडे चांगले मार्क पडले की मुलं लातूरला क्लासला येतात, तशी तीही आली. मायलेकी वसतिगृहाची खोली बघायला आल्या त्या दिवशी जेवायला आमच्याकडेच होत्या. बायकोने शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी केली होती. मुलगी मोकळी होती, वाढताना मदत करत होती. जेवता जेवता तिने मला विचारलं, "काका, पप्पा कसे बोलायचे?"

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज कसा होता? वसतिगृहात सगळ्या पोरींना पप्पांचे फोन येत राहतात म्हणे. मला पप्पांचा चेहरा माहीत हाय, फोटोत हाय. आवाज न्हाई माहीत."

मी वहिनींकडे बघितलं. त्या भाकरी मोडत होत्या. म्हणाल्या, "मला सारखी विचारती भाऊजी. आता आवाज सांगून कळतंय का?"

"लग्नाची सीडी असेल ना?"

"हाय की. तिच्यात सगळी गाणी भरून ठेवलीत त्या फोटोवाल्यानं. नवरदेव बोलतोय कुठं? नुसता घामेजून उभा हाय." मुलगी हसली. वहिनी पुढे म्हणाल्या, "फोन तर साधा होता त्यांचा, बटणाचा. तोबी गेला."

तेवढ्यात माझी बायको आमटीचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि सहज बोलून गेली, "अहो, पण तुम्ही जुने फोन राखता की! त्यांचे फोन नसतील का तुमच्याकडं?"

मुलीचा हात ताटातच थांबला. मी म्हणालो, "असतील." खरं तर असतील नव्हे, होतेच. मला पक्कं माहीत होतं. त्याचं रेकॉर्डिंग आठ वर्षांच्या मुदतीत मागेच पुसलं गेलं असतं, पण त्याच्याच काळातल्या एका सौद्यावरून कोर्टात दावा पडला होता. दावा चालू असेपर्यंत त्या वर्षांतलं काहीच पुसायचं नाही असा आदेश होता. दावा नुकताच मिटला होता आणि ती सगळी वर्षं आता मार्चअखेर पुसायच्या यादीत होती.

मी एवढंच सांगितलं की ते कंपनीचे फोन आहेत, माझे नाहीत, विचारून बघतो. मुलगी म्हणाली, "एकच द्या काका. छोटासा." वहिनी तिला रागावल्या, "हट्ट करू न्हाई. भाऊजींची नोकरी हाय ती." पण जाताना चपला घालता घालता त्यांनी स्वतःच हळूच विचारलं, "मिळंल का हो?"

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला लिहिलं. चार ओळींचा अर्ज होता. दोन आठवड्यांनी विधी विभागाच्या बाईंचा फोन आला. वागायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मला तुमची भावना समजते. पण फोनवर दोन माणसं असतात. आपल्या माणसाच्या कुटुंबाला द्यायला माझी हरकत नाही. समोरच्याची लेखी संमती मात्र लागेल, आणि सौद्यात आता काही वाद उरलेला नसावा."

मला ते पटलं. नियम म्हणून बरोबरच होतं. मी यादी काढली. त्याच्या नंबरवरचे, बरे लांब आणि एकाच आडत्याशी झालेले फोन शोधले. उदगीरच्या एका आडत्याचे सगळ्यात जास्त निघाले. एका रविवारी एसटीने उदगीरला गेलो.

आडत्या म्हातारे झाले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, दुकान आता मुलाकडे, पण हे गादीवर येऊन बसतात. मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी आधी मला चहा पाजला, मग मुलाला हाक मारली, "अरे, तो नांदेडचा खोकणारा आठवतो का?"

मी म्हणालो, "खोकणारा?"

"तुमाला म्हाईत न्हाई? सायेब, तुमी समोर बसून काय केलंव मग? भाव सांगायच्या आधी त्यो खोकायचा. दोनदा खोकला की पन्नास कमी करणार. एकदाच खोकला की पंचवीसवर मिटलं. आमी हिकडं कान लावून बसायचो, कितींदा खोकतंय म्हणून." मग त्यांनी पाठ ताठ केली, हात कानाशी नेला आणि त्याची नक्कल केली. "खॉं, खॉं... सावकार, मॉइश्चर लई हाय तुमच्या मालात, हे काय सोयाबीन हाय का वलं धुणं?"

दुकानातले हमालसुद्धा हसले. मीही हसलो. शब्द त्याचेच होते, "वलं धुणं" तर अगदी त्याचं. आवाज म्हाताऱ्या आडत्याचा होता.

"एकदा मी म्हणलं, तू सारखा खोकतोस, दवाखान्यात जा. तर म्हणला, सावकार, दवाखान्यात गेलो तर कंपनीचं नुकसान होईल." त्यांनी माझा रिकामा कप बाजूला सारला. "अन् गेला. मी पुढं फोन लावला तर दुसराच माणूस. मला न्हाई जमलं त्याच्याशी."

संमतीच्या कागदावर त्यांनी कानडी वळणाची सही केली. म्हणाले, "पोरीला सांगा, तुझ्या बापानं माझे लई पैसे वाचू दिले न्हाईत." आणि मला दोन किलो तूरडाळ घरी नेण्यासाठी दिली. नाही म्हणून चाललं नाही.

ही हकिगत मी मुलीला सांगितली. क्लास सुटल्यावर ती रविवारी आमच्याकडे यायची. खोकण्याची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. मग स्वतः खोकून बघितलं आणि मला विचारलं, "असं?" मी म्हटलं, "आता ऐकशीलच." त्यावेळी मला काहीच शंका नव्हती. मुंबईची परवानगी ईमेलवर आली होती. एक फोन, तीन मिनिटांच्या आतला, घरगुती वापरासाठी.

फायली जपण्याची आमची पद्धत इथे सांगावी लागेल. दर तिमाहीला मी तपासणी करतो. किती फायली असायला हव्यात, किती आहेत. एकूण आकार किती असायला हवा, किती आहे. प्रत्येक फाईलचा एक ठसा काढून ठेवलेला असतो, एक लांबलचक आकडा. फाईलमधला एक बारीकसा कण जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. तो जुळतो का ते यंत्र बघतं. इतक्या वर्षांत एकदाही आकडा चुकलेला नाही. डिस्क जुन्या झाल्या की नव्या डिस्कवर उतरवल्या, पुन्हा आकडे जुळवले. लेखापरीक्षणाला आलेल्या माणसाने एकदा आमच्या कामाची तारीफ लिहून नेली होती. मुख्य कार्यालयाच्या तपासणीच्या नमुन्यात मोजण्याचे सगळे रकाने आहेत. एखादी फाईल वाजवून बघा, असा रकाना नाही.

परवानगी आली त्या दुपारी मी त्याचा फोन वाजवायला घेतला. वाजेना.

अडचण लवकरच माझ्या लक्षात आली. हे फोन जुन्या यंत्राने रेकॉर्ड केलेले. त्या यंत्राचं रेकॉर्डिंग कोणीही चोरून ऐकू नये म्हणून कुलूपबंद असायचं, आणि ते वाजवायला संगणकाच्या मागे एक अंगठ्याएवढा तुकडा खोचावा लागायचा. आम्ही त्याला डोंगल म्हणायचो. डोंगल असेल तर फाईल उघडायची, नसेल तर नाही. पुढे नवं यंत्र आलं, त्याला असलं काही लागत नाही. जुन्या फोनांची कोणाला गरजच पडली नव्हती. कोर्टातल्या दाव्याला लागणारा एक फोन आधीच काढून देऊन झालेला होता. म्हणजे डोंगल शेवटचं कधी कोणी वापरलं हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

कपाटं बघितली, टेबलांचे खण बघितले. नांदेडच्या कार्यालयाला विचारलं. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा पत्ता काढला, तर ती दुसरीने विकत घेतली होती आणि दुसरी बंद झाली होती. त्यांच्या जुन्या एका इंजिनिअरचा नंबर मिळाला. तो हैदराबादहून म्हणाला, "सर, प्रत्येक गिऱ्हाइकाचं डोंगल वेगळं असायचं. दुसरं बनत नाही. बनू नये म्हणूनच तसं केलेलं होतं."

शेवटी शोध लागला तो एका फोटोमुळे. आमच्या कार्यालयाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात दर वर्षी खंडेनवमीच्या पूजेचा फोटो पडतो. जुने फोटो खाली खाली ओढत गेलो आणि नवं यंत्र आलं त्या वर्षीचा फोटो सापडला. पाटावर लाल कापड. त्यावर मॉइश्चर मीटर, पोत्यात खुपसून दाणे काढायची लोखंडी नळी, हमालांचा हूक, गोदामाचं कुलूप, एक कॅल्क्युलेटर. आणि हुकाच्या शेजारी, हळदीकुंकू लावलेला, झेंडूच्या दोन फुलांखाली अर्धा झाकलेला तो अंगठ्याएवढा काळा तुकडा.

फोटो बघितल्यावर मला सगळं आठवलं. त्या दिवशी मीही पाटासमोर हात जोडून उभा होतो. आमच्याकडे खंडेनवमीला ज्या हत्याराने पोट भरतं त्याची पूजा होते. कोणीतरी म्हणालं होतं की फोनच्या यंत्राने इतकी वर्षं राबून घेतलं, आता ते बंद होणार, त्याचाही मान ठेवा. यंत्र मोठं, रॅकला बांधलेलं, ते काही पाटावर येईना. तेव्हा त्याच्या वतीने त्याचं डोंगल काढून ठेवलं. सगळ्यांना ते योग्यच वाटलं होतं. मलाही.

दसऱ्याला पूजा उतरवताना सगळी हत्यारं आपापल्या जागी गेली. मीटर गेलं, हूक गेला, कुलूप गेलं. यंत्र बंद झालेलं, त्यामुळे डोंगलाला जागाच नव्हती.

आमचे शिपाई मामा आता निवृत्त आहेत, औसा रस्त्याला राहतात. मी घरी जाऊन त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला.

"मामा, पूजेचं निर्माल्य कुठं टाकायचा तुम्ही?"

"नदीला, मांजरेला. दर साली. फडक्यात बांधून न्यायचं अन् सोडायचं."

"त्यात हे गेलं असेल का?"

"गेलंच असणार की. फुलात गुंतलं असंल." मग त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. "सायेब, मी काय बघितलं न्हाई. निर्माल्य इसकटून बघायचं असतंय व्हय?"

"नाही मामा. नसतं बघायचं."

"लई महागाचं होतं का?"

मी म्हणालो, "नाही." मामींनी चहा आणला. मामांनी तो घेतला नाही. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "त्या साली नदीला पाणी बक्कळ होतं." का सांगितलं कोणास ठाऊक.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मी बोललेच नसते त्या दिवशी तर बरं झालं असतं." मी म्हटलं, तुझं काय चुकलं. ती म्हणाली, "आशा लावली ना पोरीला." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "तुम्हीपण आजपासून माझा आवाज डब्यात भरून ठेवा. मी गेल्यावर तुम्हाला ओरडायला कोणी पाहिजे." मी म्हटलं, तो मला पाठ आहे. ती हसली, पण नेहमीसारखी नाही.

मी मुंबईला पुन्हा लिहिलं. ही वर्षं पुसू नयेत, पुढेमागे कुलूप उघडायची काही सोय निघू शकते, म्हणून मुदत वाढवावी. उत्तर लवकर आलं. त्याच बाईंचं होतं. जे उघडता येत नाही आणि ज्याची कायद्याला गरज नाही, ते ठेवण्याला कारण देता येत नाही. मार्चच्या शेवटच्या शनिवारी ठरल्याप्रमाणे पुसावं. खाली त्यांनी वेगळी एक ओळ लिहिली होती, की मला वाईट वाटतं. कंपनीच्या ईमेलमध्ये अशी ओळ मी पहिल्यांदा वाचली.

वहिनींना फोनवर सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. डोंगल, पूजा, नदी, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे फोन हाईत, पण वाजत न्हाईत."

"हो."

"पुसायच्या आधी बघता येतील का नुसते? मी येते. पोरीलाबी दाखवते."

बाहेरच्या माणसाला आमच्या खोलीत आणायचं तर पास करावा लागतो. त्यावर भेटीचं कारण लिहायचं असतं. मी खूप विचार केला आणि लिहिलं, "नोंदी पाहणे." साहेबांनी न विचारता सही केली.

दोघी पुसण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी आल्या. मी पडद्यावर त्याच्या नंबरच्या फायली काढून दाखवल्या. तारीख, वेळ, समोरच्याचं गाव, किती मिनिटं. शेकडो ओळी. मुलगी बोट न लावता, पडद्यापासून थोडं लांबून एकेक ओळ वाचत होती. "उदगीर. देगलूर. उदगीर. मुखेड. आई, हा बघ, माझ्या वाढदिवसाचा हाय. सकाळी सव्वानऊ."

वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी सुट्टी काढतो म्हणले होते. काढली न्हाई."

"वाजवा ना काका," मुलगी म्हणाली.

मी तिला समजावलं की कुलूप न उघडता फाईल वाजवली तर नुसती खरखर येते. त्या खरखरीत आवाज दडलेला नसतो, फार कान दिला तर सापडेल असंही नसतं. तिने मान हलवली. समजल्याची मान होती ती. तरी म्हणाली, "वाजवा."

मी तिला हेडफोन दिला आणि वाढदिवसाच्या दिवशीची फाईल लावली. बाहेरूनसुद्धा खरखर बारीक ऐकू येत होती, तेलाच्या घाण्याजवळून गेल्यासारखी. ती डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मोठं करा." मी केलं. "अजून." मी अजून केलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा वहिनींनी तिच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला.

"बास, माय. कान जातील."

त्या स्वतः ऐकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हेडफोन नीट टेबलावर ठेवला, वायर गुंडाळली आणि म्हणाल्या, "चला."

मुलीला वसतिगृहावर सोडलं. तिची चाचणी होती दुसऱ्या दिवशी. फाटकाशी ती आईच्या गळ्यात पडली नाही, मलाच म्हणाली, "काका, उद्या किती वाजता पुसणार?" मी वेळ सांगितली. तिने ती बरोबर लक्षात ठेवली असणार.

मग मी वहिनींना बसस्टँडवर पोचवायला गेलो. नांदेडची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. आजूबाजूला क्लासच्या पोरांचे बाप पेट्या आणि गाद्या घेऊन उभे होते, मोठमोठ्याने बोलत होते. वहिनी बराच वेळ त्या लोकांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला आठवतो का त्यांचा आवाज?"

हो म्हणणं सोपं होतं. तीन वर्षं समोरासमोर बसलो, पुढे किती वर्षं रोज फोनवर बोललो. मी आठवायला लागलो. "काय करून राहिला बे," असं तो फोन उचलल्या उचलल्या म्हणायचा, ते आठवलं. वलं धुणं आठवलं. भाव पाडण्यापुरती कानडी आठवली. प्रत्येक वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं, आणि प्रत्येक वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. मी दुसरं वाक्य घेतलं, तिसरं घेतलं. तेच.

मी म्हणालो, "तो काय बोलायचा ते आठवतं वहिनी. आवाज नाही आठवत."

त्यांनी एकदम माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं त्या दुखावल्या. पण त्यांचा चेहरा सैल पडला होता.

"किती साल झाले, पोरीला सांगता येत न्हाई म्हणून खोटं बोलून राहिले मी," त्या म्हणाल्या. "सांगून कळत न्हाई म्हणते. सांगायला मलाच कुठं आठवतो? मला वाटायचं, असली कसली बायको मी. माझंच असं झालं म्हणून."

"नाही," मी म्हणालो. "माझंही झालं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. गाडी लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. मी आत शिरून त्यांच्यासाठी एक जागा धरली. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही थांबू नका आता. घरी वाट बघत असतील." मी गाडी हलेपर्यंत थांबलो.